वाळूतली दुसरी कुपी

भाऊ,

तुझ्या वहीतली शेवटची ओळ माझ्या अक्षरातली आहे. तू सांगितलीस आणि मी लिहिली. 'उपयोग झाला नाही.' वरची सगळी पानं तुझ्या अक्षराची, उजवीकडे कललेली, घाईची. आणि खाली माझं चौथीतलं अक्षर, पंगतीत अनोळखी माणसं बसावीत तसं एकेक वेगळं बसलेलं. वही आता दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी मुंबईला पाठवली आहे. तिथे जो कोणी ती उघडेल त्याला वाटेल, माणूस मरताना सांगून गेला आणि घरच्या बाईने लिहून घेतलं, म्हणजे खरंच असणार.

ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे एकट्या मला माहीत आहे.

तू जाऊन अडीच महिने झाले. हे मी टोचणीच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. उलटून पाहिलं की तुझे रकाने दिसतात, नाव, वय, गाव, कोणता दंड. मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. दोन माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. सासरहून परत आले त्या दिवशीही मी दारात नुसती उभी राहिले होते आणि तू काही विचारलं नाहीस. माझ्या हातातली पिशवी घेतलीस, आत नेऊन खुंटीला अडकवलीस आणि वहिनीला म्हणालास, "काशीचं ताट वाढ." इतकंच. शेवटपर्यंत तू मला विचारलं नाहीस की नवऱ्याने दुसरी केली तेव्हा तू काय बोललीस. मी काहीच बोलले नव्हते, हे तू न विचारता ओळखलं असशील.

त्या दिवशी तू सुट्टीवर आला होतास; नोकरी मुंबईला, त्या जंतूंच्या संस्थेत, सशांचे पिंजरे धुवायला आणि काचेची भांडी साफ करायला. सुट्टीवर आलास की आम्हा दोघींना समोर बसवून पटकीची लस टोचायचास. वहिनी दंड पुढे करून मान फिरवायची आणि म्हणायची, "नवरा असा की आल्याबरोबर सुईच काढते." त्या वर्षी तू टोचून गेलास आणि चार महिन्यांत ती पटकीनेच गेली. सकाळी नदीवर वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी भरायला गेली होती, संध्याकाळ तिने पाहिली नाही. तुला तार मिळाली तोवर इथे राखही थंड झाली होती.

तू आलास तेव्हा रडला नाहीस. अंगणात बसून आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिलास. मग एकदम म्हणालास, "काशे, म्या सुई टोचली ते हाताले. अन् पटकी येते पोटातून."

पुढची दोन वर्षं तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मुंबईची नोकरी सोडलीस, जिल्हा परिषद नवी झाली होती तिच्यात लस टोचणारा म्हणून लागलास. येताना मलकापूरच्या स्टेशनावर उतरलास तो हातात तांब्या घेऊन. तांब्यात ओली चिंधी आणि चिंधीत काचेच्या दोन कुप्या, माझ्या करंगळीएवढ्या, तोंडं वितळवून बंद केलेल्या. बुडाशी पिठीसारखी पांढुरकी पूड. संस्थेतल्या साहेबांनी त्या तुला उकळून फेकायला दिल्या होत्या. तू उकळल्या नाहीस.

काय आहे ते मी विचारलं नाही, तूच सांगितलंस. पटकीचे जंतू पोटात गेले की एक विष सोडतात, त्याने माणूस रिता होतो. जंतू गाळून काढून ते नुसतं विष वाळवलेलं, ते या कुप्यांत. मी तुझ्याकडे पाहिलं तसा तू हसलास.

ते मला समजलं ते तुझ्या मुंबईच्या बोलण्याने नाही. एका सकाळी मी वरणाला फोडणी देत होते आणि मिरची जळली. तू ओट्यावर दाढी करत होतास, तू खोकलास, शेजारची गंगाकाकू खोकली, तिचं कुत्रं उठून लांब गेलं. तू तोंडाला साबण तसाच ठेवून आत आलास.

"पाय, हे असंच," म्हणालास. "नुसतं वरण ताटात आलं तं कोणी मान वर करत नाही. मिरची जळली तं अख्खं घर जागं झालं."

मग चुलीपाशी उकिडवं बसून सांगितलंस. आतड्याच्या आतल्या अंगाला स्वतःचे जागले, पहारा देणारे, असतात. दंडात टोचलं तर हातातले जागले उठतात, पोटातल्यांना खबर लागत नाही. आणि मेलेले जंतू नुसते गिळले तर आतड्याला वाटतं, रोजचंच जेवण आलं, ते झोपून राहतं. त्याच्याबरोबर चिमूटभर तेच विष गेलं तर आतडं दचकून उठेल, मेलेल्या जंतूंची तोंडं नीट पाहून ठेवेल, आणि पुढे खरे आले की दारातच धरेल. नुसतं विष घेऊन भागत नाही आणि नुसते जंतू घेऊनही नाही, दोन्ही एका घोटात पाहिजेत. साहेबांचा हा अंदाज होता, सशांच्या पिंजऱ्यापाशी उभे राहून ते दुसऱ्या डॉक्टरांशी बोलत होते आणि तू पिंजरा धूत ऐकत होतास.

मी विचारलं, "अन् विषानंच माणूस मेला तं?"

"मिरचीनं कोणी मेलं काय?"

"चिमटीनं नाही मरत. पायलीभर खाल्ली तं मरते."

तू इतका हसलास की साबण चुलीत पडला. आयुष्यात मी तुझ्याशी भांडले ते एवढंच. ते भांडण तसंच राहिलं आहे. मी तेव्हा आणखी बोलायला पाहिजे होतं. तोंडाने भांडले असते तर नंतर हाताने केलं नसतं.

तुला ही घाई कशाची होती ते मला माहीत होतं. डोंगराच्या पायथ्याच्या त्या वाडीतलं बोलणं तुला लागलं होतं. आपल्याकडच्या विहिरी खाऱ्या, सगळं गाव नदीतल्या झिऱ्याचं पाणी पितं, आणि पटकी त्याच पाण्यातून येते. म्हणून टोचायला गेलास की तू कोणाच्या घरचं पाणी घेत नव्हतास. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी पुढे करायचं आणि त्याने घोटभर तरी घ्यायचं. तू हात जोडून नाही म्हणायचास. त्या वाडीतल्या सखूबुढीने तांब्या तसाच धरून ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचं पाणी तुले चालत नाही, अन् तुही सुई आम्हाले चालली पायजे काय?" वाडीने दारं लावून घेतली. त्या वर्षी तिथली चार माणसं गेली. तू घरी येऊन म्हणालास, "बुढी काही खोटं नाही बोलली."

तुला लोकांचं पाणी पिता यायला हवं होतं. बाकी काही नको होतं तुला.

चैत्रात तू एक कुपी फोडलीस, मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूड विरघळवलीस, एका लहान बाटलीत भरलीस. तीन वेळचं. बाटलीवर कागद चिकटवून 'विष' लिहिलंस, आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत बाटली आणि उरलेली कुपी पुरून ठेवलीस. मला बजावलंस, रोज सकाळी वाळूवर पाणी घालायचं, उन्हाने ते मरतं. आणखी हा एक उन्हाळा टिकलं तर टिकलं. आणि दुसरी कुपी बोटाने दाखवून म्हणालास, "हे तुही. आधी मी पाहातो, मंग तू."

पहिला घोट तू सोमवारी घेणार होतास. आधी खायच्या सोड्याचं पाणी, म्हणजे पोटातली आंबट आग विषाला जाळणार नाही, मग लशीच्या बाटलीतले मेलेले जंतू आणि त्यात हे. एक दिवस पोट ढिलं होईल, म्हणालास. तीच खूण. आतडं जागं झालं असं समजायचं.

रविवारी तू बाजाराच्या गावी टोचायला गेला होतास.

माझं रोजचं काम तुला माहीतच आहे. तू आलास की तुझ्या सुया आणि पिचकाऱ्या पातेल्यात घालून चुलीवर उकळायच्या. हे तूच शिकवलंस. पहिल्या दिवशी माझा हात धरून पातेल्यावर नेलास, वाफ दाखवलीस आणि म्हणालास, "उकळलं की त्यातलं सगळं वाईट मरते. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. तेव्हापासून मी आपलं पिण्याचं पाणी उकळते, वहिनीची लुगडी उकळली, गंगाकाकूच्या बाळाची वाटी उकळून देते. बाकी कोणावर माझा विश्वास नाही, पण उकळीवर आहे.

त्या दिवशी आदल्या दिवशीच्या सुया उकळत होत्या. मी वाळूवर पाणी घातलं आणि बाटलीचं तोंड दिसलं. 'विष'. चौथी शिकलेल्या बाईला हा शब्द नीट वाचता येतो. उद्या हे माझ्या भावाच्या पोटात जाणार. वहिनी गेली, आई-बाप आधीच गेले, सासर नाही. मला तू सोडून कोणी नव्हतं, भाऊ. मी फार विचार केला नाही. बूच सैल केलं आणि बाटली सुयांच्या पातेल्यात उभी ठेवली. भाकरीचं पीठ मळून होईपर्यंत ठेवली. तुझं औषध तुझ्यापाशी राहील आणि त्यातलं वाईट तेवढं मरेल, असं मला वाटलं. औषध आणि वाईट ही त्यात दोन नव्हती, एकच होतं, हे मला समजलं नाही. फोडणीची गोष्ट तू सांगितली होतीस, मी मान हलवली होती, आणि तरी समजलं नव्हतं.

वाफेने कागदावरची शाई पसरली. मी नवा कागद चिकटवला आणि तुझ्याच टाकाने लिहिलं, 'विष'. गार झाल्यावर वाळूत परत पुरली.

सोमवारी तू बाटली काढलीस आणि थांबलास.

"हे अक्षर तुह्यं?"

"शाई पसरली होती."

"मोत्यावानी काढलं वं. विष लिवलं तरी गोड वाटते."

आणि प्यालास.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. आठवड्याने दुसरा घोट, त्यालाही काही नाही. तिसऱ्यालाही नाही. तू रोज सकाळी पोटावर हात ठेवून बसायचास, एखादी गर्भार बाई बसते तसा. शेवटी मला विचारलंस, "काशे, पोटाले काहीच नाही झालं. काऊन असन?"

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

"माहं पोटच गाढवाचं असन," म्हणालास आणि वहीत लिहिलंस. काय लिहिलंस ते मी नंतर वाचलं. 'त्रास नाही. प्रकृती उत्तम. औषध सोसलं.' खूण आली नाही हे तुला खुपत होतं, पण तू ते चांगल्या बाजूने घेतलंस. तुझा स्वभावच तो. मला मात्र बरं वाटत होतं. मी मनात म्हणत होते, वाचला माझा भाऊ. ते दिवस मी फार सुखात होते, हे तुला सांगायचं आहे. तुझ्या ताटात वाढताना मला आतून हसू यायचं. तुझी काही खोड काढली आणि तुला पत्ता नाही, असं लहानपणचं हसू.

ज्येष्ठात पटकी आली. त्या वाडीतच आधी आली.

तू पहाटेच सायकल काढलीस. संध्याकाळी परत आलास तेव्हा तुझं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं असं होतं, लग्नातही नाही. चप्पल काढायच्या आधी सांगितलंस, "काशे, आज बुढीच्या घरी दोन गिलास पाणी पेलो." आधी तिच्या घरी, मग शेजारी, मग पलीकडे. बुढी स्वतः घरोघरी पुढे चालली आणि म्हणत गेली, हा आपलं पाणी प्याला, आता दंड काढा. सगळी वाडी ओळीने बसली. लस संपली तेव्हा तू उठलास. दंडातली ती सुई थोडी तरी उपयोगी पडते म्हणतात. त्या वाडीत या खेपेला फक्त एक बाई गेली. हे तुझं काम आहे, भाऊ. हे कोणी वहीत लिहिलं नाही म्हणून मी इथे लिहिते आहे.

मी तुला हात धुवायला पाणी दिलं. तेव्हाही मी सांगू शकले असते. मिठाचं पाणी पाजून उलट्या करायला लावल्या असत्या, दवाखान्यात पाठवलं असतं, काहीतरी केलं असतं. पण मनात एक आडोसा होता. कदाचित उकळल्याने काही झालंच नसेल. कदाचित ते औषध लागलंच असेल. तुझ्या तोंडावरचा आनंद पाहून मला तेच खरं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुला सुरू झालं.

त्या दिवसाचं जास्त लिहीत नाही. डॉक्टरसाहेब सलाइनची बाटली घेऊन दुपारी पोचले तेव्हा तुझी शीर सापडत नव्हती. ते एका हातावरून दुसऱ्या हातावर शोधत होते, आणि तूच त्यांना पुटपुटून सांगत होतास, इथे पाहा, थोडं वर पाहा. मग ते पाणी गरम करायला सांगायला बाहेर गेले आणि तू मला म्हणालास, "वही आण."

आणली.

"लिव. उपयोग झाला नाही."

मी लिहिलं. लिहिताना कळलं की मी काय लिहिते आहे. टाक तसाच ठेवून मी तोंड उघडलं. तुझे डोळे खोल गेले होते पण माझ्याकडे होते. मला वाटलं, शेवटच्या घटकेला याला काय सांगू, की तुझ्या बहिणीनेच केलं? तुझ्या डोक्याखाली हात घालून मी नुसती बसले.

"लिवलं काय?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "हाव."

भाऊ, आता मला वाटतं, तुला आनंद झाला असता. तू रागावला नसतास. तू म्हणाला असतास, म्हणजे औषध हरलं नाही, औषध पोटात गेलंच नाही. तू तेवढं घेऊन गेला असतास. तुझी दोन वर्षं, वहिनीपासूनची, वाया गेली नाहीत असं समजून तू डोळे मिटले असतेस. तू मेलास तो हरून मेलास, आणि ते हरणं खोटं होतं. मी तुला मारलं हे माझ्याने कसंतरी उचलवेल. तुला हरवून पाठवलं हे उचलवत नाही.

तेराव्याला सखूबुढी आली. इतक्या लांबून चालत, एकटी. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, वर यायला तयार होईना. मी पाणी आणलं. तिने तांब्या दूर सारला.

"म्या पाजलं त्याले," म्हणाली. "तो बिचारा हात जोडून नाही म्हणे. म्याच टोमणा मारला. त्याच्यापायी पेला."

ती रडत नव्हती. जमिनीकडे पाहून तेच तेच सांगत होती, म्या पाजलं, म्या पाजलं. मी तिच्यासमोर उभी होते. तिचं ओझं उतरवायला माझे दोन शब्द पुरले असते. मी तांब्या उचलून आत नेला. ती गेल्यावर गंगाकाकू म्हणाली की बुढीने आता आल्यागेल्याला पाणी विचारणं सोडलं आहे. दारात कोणी आलं तर ती आत निघून जाते.

तिच्यामुळेच मी दवाखान्यात गेले. ठरवून गेले. कुपी वाळूतून काढली, ओल्या चिंधीत गुंडाळली, तांब्यात ठेवली, तू आणली होतीस तशीच. वाटेत सगळं पाठ केलं. साहेब, बाटली मी उकळली होती, त्यात विष राहिलं नव्हतं, ही न उकळलेली आहे, ही मुंबईला पाठवा आणि वहीतली शेवटची ओळ खोडा. नांगरलेल्या शेताच्या बांधावरून जाताना मी ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं. चांगलं म्हणता आलं.

बायकांच्या रांगेत बसले. माझी पाळी आली तशी कंपाउंडरने विचारलं, "काय होते, बाई?"

"पोट दुखते," मी म्हणाले.

तो म्हणाला, औषधाला बाटली आणली काय, आणि माझ्या हातातल्या तांब्याकडे हात केला. मी तांब्या छातीशी धरला. मागच्या बायका हसल्या. त्याने कुठून तरी एक बाटली शोधून गुलाबी मिक्‍श्चर भरलं. तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी मला पाहिलं आणि आपणहून उठून आले. म्हणाले, वही मुंबईच्या साहेबांना पाठवून दिली. म्हणाले, तुमचे भाऊ फार भले माणूस, पण असलं काही घरी करायचं नसतं, बाई, शेवटी त्यांनीच लिहायला सांगितलं ना, उपयोग नाही म्हणून. आणि थांबले. खरंच थांबले, भाऊ. मी काही बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली. मी त्यांच्या बुटांकडे पाहत होते. मग पुढच्या बाईचं मूल रडलं आणि ते वळले.

एका हातात तांब्या, एका हातात मिक्‍श्चर, मी परत आले. मुंबईला कार्ड टाकावं म्हटलं तर साहेबांचं नाव आणि पत्ता वहीच्या पहिल्या पानावर होता. मला तुझा साहेब नुसता साहेब म्हणूनच माहीत.

कुपी मी परत वाळूत पुरली आणि रोज पाणी घालत राहिले. रोज सकाळी एकच विचार. ती मेली असेल, उन्हाळ्याने, प्रवासाने, तर तुझीही आधीच मेलेली असेल. मग मी उकळलं काय आणि न उकळलं काय. मी सुटले. पण मग तुझ्या त्या बाटलीत पहिल्यापासूनच काही नव्हतं, आणि तू दोन वर्षं नुसत्या पांढऱ्या पुडीमागे घालवलीस. आणि ती जिवंत असेल तर तुझा भरवसा खरा होता आणि मी गुन्हेगार. दोघांतला एकच सुटणार होता. मी कोण सुटावं म्हणून पाणी घालत होते ते मला माहीत आहे. ते मी लिहीत नाही.

परवा मी कुपी फोडली. माझ्या वाटणीची होती ती. आधी सोड्याचं पाणी घेतलं. पूड मिठाच्या पाण्यात विरघळवली आणि तू करायचास तसा तिसरा हिस्सा घेतला. चव नव्हती काहीच. मला वाटलं होतं कडू असेल.

काल दुपारी माझं पोट बिघडलं. आज सकाळी आपोआप थांबलं. एक दिवस, तू सांगितलं होतंस तेवढंच.

भाऊ, मिरची होती रे.

एवढंच खरं झालं. आतडं त्यानंतर जागं राहिलं असतं की नाही, बुढीच्या घरचं पाणी तुला सोसलं असतं की नाही, हे कोणालाच माहीत नाही आणि आता कोणी पाहणारही नाही. वहीत 'उपयोग झाला नाही' असं आहे आणि ती मुंबईत कुठल्यातरी फळीवर पडून राहील. माझ्याकडे मेलेले जंतू नव्हते, म्हणून मलाही त्याने काही राखण झाली नाही. तूच सांगितलं होतंस, नुसतं विष घेऊन भागत नाही. घर खोकलं, ताटात वरण नव्हतंच.

उरलेलं दोन हिस्से पाणी मी आज पातेल्यात घालून उकळलं, तुझ्या साहेबांनी तुला सांगितलं होतं तसं, आणि परसात ओतलं. कुपीच्या काचा गाडून टाकल्या. रांजणाखाली आता काही नाही. वाळू ओली ठेवायचं कारण उरलं नाही.

तरी मघाशी पाणी घातलं.